स्टँड-अप जेट स्की: जुनी टू-स्ट्रोक की नवी फोर-स्ट्रोक? वजनाचं कोडं काही सुटत नाहीये

वाळवंटातला_सातारकर

नमस्कार मंडळी. इथं बाइक, कार, ट्रॅक्टर सगळ्यावर चर्चा झालेली बघितली पण पाण्यावरच्या गाडीवर एकही धागा सापडला नाही म्हणून मीच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी ॲरिझोनात फिनिक्सला असतो. इथून तीनेक तासांवर लेक हवासू आहे, कोलोरॅडो नदीवर पार्कर धरण बांधलंय त्याचा हा फुगवटा, आपल्या कोयनेचा शिवसागर असतो तसाच समजा, फक्त आजूबाजूला झाडाचं पान नाही, नुसते तांबडे डोंगर. उन्हाळ्यात सगळं फिनिक्स तिकडं पळतं. आम्ही पण दोन-तीन वर्षं भाड्यानं बसायची जेट स्की घेऊन फिरलो, मागं बायको, मजा आली पण खरं सांगू का, अर्ध्या तासानं कंटाळा येतो. सोफ्यावर बसून स्कूटर चालवल्यासारखं वाटतं.

मागच्या महिन्यात एक पन्नाशीचा माणूस उभ्यानं चालवायची मशीन घेऊन आला होता. अरुंद, मागून उघडी, हँडल एका लांब दांड्यावर वरखाली होणारं. तो गडी वळणावर अक्षरशः पाण्याला खांदा लावत होता. मी तासभर काठावर उभा राहून बघत होतो, बायको म्हणाली आता हे नवीन खूळ डोक्यात शिरणार, आणि शिरलंच.

आता प्रश्न. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, २०१२ची यामाहा सुपरजेट, टू-स्ट्रोक, ७०१ सीसी, वापरलेली, फिनिक्समध्येच एकजण विकतोय. दोन, नवी सुपरजेट, फोर-स्ट्रोक, १०४९ सीसी. तीन, कावासाकीची एसएक्स-आर, १४९८ सीसी, आयला हे तर कारचं इंजिन झालं. कागदावर बघितलं तर जुनी सुपरजेट १३९ किलो, नवी १७० किलो आणि कावासाकी चक्क २५० किलो. म्हणजे बुलेटपेक्षा जड! ही गोष्ट उभ्यानं चालवायची, पाण्यात पडलो की परत चढायचं, एकट्यानं काठावर ओढायची. सगळ्या जगात गाड्या हलक्या करायला बघतात आणि इथं उलटं का चाललंय? एवढं वजन वाढलेलं चालवताना जाणवतं का? माझं वजन ७८, वय ३८, उभ्याची मशीन याआधी कधीच चालवलेली नाही. बजेट आहे पण उगाच उडवायला नाही.

टूस्ट्रोक_अण्णा

सातारकर, पहिलं उत्तर सोपं आहे, जुनी घे आणि धागा बंद कर 😀

मी फ्लोरिडात आहे, १९९७ पासून उभ्याच्या मशीन चालवतोय, आता गुडघे कुरकुरतात पण सोडवत नाही. माझ्याकडे आज पण टू-स्ट्रोक सुपरजेटच आहे. आधी एक सांगतो, जेट स्की हे खरं कावासाकीचं ब्रँडनेम आहे, आपल्याकडे कुठल्याही तुपाला डालडा म्हणायचे तसं ते सगळ्यांना चिकटलं. आणि मूळ जेट स्की ही उभ्याचीच होती बरं का, बसायच्या मशीननं बाजार खाल्ला ते नंतर. क्लेटन जेकबसन नावाचा मोटोक्रॉस चालवणारा माणूस, त्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, पडलो तर मातीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं. कावासाकीनं १९७३ला ती बाजारात आणली, ४०० सीसीचं टू-स्ट्रोक ट्विन इंजिन आणि रुंदी जेमतेम २ फूट. त्यावर उभं राहणं म्हणजे ओल्या ओंडक्यावर उभं राहणं.

मग ४४०, ५५०, ६५०, ७५० असं करत इंजिन वाढत गेलं. यामाहाची सुपरजेट १९९०ला आली ६३३ सीसीची, काही वर्षांत ७०१ झाली आणि मग तेच इंजिन २०२० पर्यंत चाललं. विचार करा, एकच इंजिन पंचवीसेक वर्षं! आरएक्स १०० पण एवढी टिकली नाही. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट, ना कसला कॉम्प्युटर. पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन मी ते पार्किंगमध्ये उघडलंय. पार्ट कुठंही मिळतात.

आणि वजनाचं म्हणशील तर जाणवतं, भरपूर जाणवतं. लाटेवरून उडी मारून मशीन अंगाखाली फिरवायची असते तेव्हा १३९ किलो आणि १७० किलो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फ्रीस्टाइलवाली, म्हणजे कसरती करणारी पोरं तर कंपनीची मशीन घेतच नाहीत, कार्बन फायबरचा ७ फुटांच्या आसपासचा छोटा हल (होडीसारखं खालचं अंग) वेगळा घेतात आणि त्यात मोठं केलेलं टू-स्ट्रोक इंजिन बसवतात. हवेत पलटी मारायची असेल तर आज पण टू-स्ट्रोकच.

इंजिनवाली

अण्णा, तुमचं प्रेम कळलं पण सातारकरांना हवेत पलटी मारायची नाहीये, त्यांना आधी उभं राहायचंय 🙂

मी डेट्रॉइटजवळ इंजिनच्याच कामात आहे, जेट स्कीच्या नाही, गाड्यांच्या. पण तत्त्व तेच. वजन का वाढलं हे नीट सांगते, लांबलं तर सांभाळून घ्या.

टू-स्ट्रोकमध्ये इंजिनच्या दांड्याच्या (क्रँकच्या) प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणजे ७०१ सीसीचं टू-स्ट्रोक एका फेऱ्यात ७०१ सीसीचं काम करतं. १०४९ सीसीचं फोर-स्ट्रोक एका फेऱ्यात साधारण ५२५ सीसीचं. आणि कावासाकीचं १४९८चं बघा, निम्मं केलं की ७४९. आता त्यांचं आधीचं टू-स्ट्रोक मॉडेल किती सीसीचं होतं? ७८१. म्हणजे तुम्हाला जे कारचं इंजिन वाटतंय ते फेऱ्यामागे बघितलं तर जुन्या दोन सिलिंडरच्याच जवळपास आहे. तरीपण जुनं ८० हॉर्सपॉवरचं होतं आणि हे १६०च्या घरात आहे, कारण फोर-स्ट्रोक जास्त फेरे घेतं आणि आत आलेली हवा-पेट्रोल नीट कोंडून जाळतं. टू-स्ट्रोकमध्ये एकाच वेळी जळालेला धूर बाहेर चाललेला असतो आणि ताजं मिश्रण आत येत असतं, दोघांची दारात गाठ पडते, त्यामुळे ताज्या पेट्रोलचा चांगला हिस्सा न जळताच धुराड्यातून निघून जातो. एक्झॉस्टचा तो फुगीर पाइप असतो ना, त्याचं कामच हे, आतल्या लहरीनं निसटणारं मिश्रण परत आत ढकलायचं. पण ते ठरावीक फेऱ्यांवरच नीट जमतं. म्हणून टू-स्ट्रोक खाली सुस्त आणि एकदम वर गेली की अंगात आल्यासारखी पळते. अण्णांना तेच आवडतं, मला माहितीये.

ते न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल थेट पाण्यात जातं. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत गेले, कावासाकीनं तीच ७८१ सीसीची, नावाला ८००ची टू-स्ट्रोक एसएक्स-आर २०११च्या मॉडेलनंतर इथं बंद केली, आणि मग २०१७ला फोर-स्ट्रोक आणेपर्यंत मधली पाच वर्षं त्यांच्याकडे उभ्याची मशीनच नव्हती. विचार करा, ज्यांनी प्रकार सुरू केला त्यांच्याकडेच नाही. यामाहानं टू-स्ट्रोक सुपरजेट चालू ठेवली पण इथं ती 'फक्त रेससाठी' म्हणून, धुराच्या नियमांतून सूट घेऊन विकत होते. सातारकर, तुमची २०१२ची त्यातलीच असणार, त्यामुळे लेबल आणि कागद घेण्याआधी बघा, नोंदणीचं नीट विचारा. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोवर तर कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक १९९९ पासून बंदच आहे, बाकी तलावांचे नियम पण जायच्या आधी बघत जा.

आता वजनाचं. टू-स्ट्रोकचं हेड (सिलिंडरच्या वरचा भाग) म्हणजे डब्याचं झाकण, त्यात काही नसतं. फोर-स्ट्रोकच्या हेडमध्ये यामाहाला १२ आणि कावासाकीला १६ व्हॉल्व्ह, वर दोन-दोन कॅमशाफ्ट, साखळी, ऑइलचा वेगळा पंप, ऑइलचा साठा. ह्या मशीन सारख्या उलटतात म्हणून ऑइल कारसारखं खाली परातीत मोकळं ठेवून चालत नाही, त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. शिवाय इंजेक्शन, वायरिंग. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही कंपन्यांनी ही इंजिनं उभ्याच्या मशीनसाठी मुद्दाम बनवलेलीच नाहीत. बसायच्या मशीनमधलं तयार इंजिन उचललं आणि इथं बसवलं. उभ्याच्या मशीन विकल्या जातातच किती, त्यासाठी नवीन इंजिन कोण बनवेल? माझ्या मते खरं कारण हे आहे. हलकं फोर-स्ट्रोक बनवता येत नाही असं नाही, परवडत नाही.

दर्यावर्दी_रत्नांग्री

ताई मस्त समजावलंत. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, रत्नागिरीच्या बाजूला, सीझनला वॉटर स्पोर्ट्सवाल्यांच्या मशीन पण येतात. पण उभ्याची मशीन आमच्याकडे मी एकदाच बघितली, ती पण कुणीतरी हौशी माणसानं मुंबईहून आणलेली. धंद्यात ती चालणारच नाही ना, पर्यटक पुढे आणि आपला पोरगा मागे बसून चालवणार, उभ्याच्यावर दोघं जाणार कुठे.

एक शंका, हल एवढा मोठा का केला मग? इंजिन बसत नव्हतं म्हणून?

इंजिनवाली

जागा हे एक कारण. दुसरं म्हणजे तरंगणं. मी काल रात्री सहज कॅल्क्युलेटर घेऊन बसले (नवरा म्हणाला तुला घ्यायचीये का, म्हटलं नाही, धागा आहे).

जुनी सुपरजेट २.२४ मीटर लांब, ०.६८ रुंद. नवी २.४३ लांब, ०.७६ रुंद. लांबी गुणिले रुंदी केली तर नवीची जागा २१ टक्क्यांनी जास्त येते. हल काही चौकोनी पाट नाही, त्यामुळे ढोबळ हिशोब आहे. आणि वजन १३९ वरून १७०, म्हणजे २२ टक्क्यांनी जास्त. जवळजवळ तेवढंच! म्हणजे त्यांनी जेवढं वजन वाढलं तेवढंच पाण्यावर टेकायला अंग वाढवलं. पण मशीन एकटी तरंगत नाही, वर माणूस असतो. सातारकरांचे ७८ किलो दोन्हीकडे धरले तर २१७ आणि २४८, म्हणजे वाढ फक्त १४ टक्के आणि जागा तीच २१ टक्के जास्त. थोडक्यात त्यांना घेऊन नवी मशीन पाण्यात कमी बसेल, जुनी जास्त. शिकाऊ माणसाला हे फार मोठं सुख आहे. शिवाय ८ सेंटीमीटर जास्त रुंदी.

कावासाकी २.६५ लांब आणि ०.७६५ रुंद. म्हणजे रुंदी नव्या सुपरजेटएवढीच, सगळी वाढ लांबीत. एक गोष्ट लक्षात ठेवा, कावासाकीचे २५० किलो हे पेट्रोल-ऑइल सगळं भरून आहेत आणि यामाहाचे आकडे कोरडे आहेत. कावासाकीची टाकी २३ लिटरची, नुसतं पेट्रोलच सतरा किलोच्या आसपास जातं. तरी पण जड ती जडच.

ताकद-वजन बघायचं तर माणूस धरून जुनीला किलोमागे ०.३४ हॉर्सपॉवर पडते (७३ धरले), नवीला ०.४ (१०० धरले), कावासाकीला ०.४९. म्हणजे सरळ पळण्यात सगळ्यात जड मशीनच सगळ्यात तेज आहे. अण्णा, आता बोला.

टूस्ट्रोक_अण्णा

बोलतो ना. ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे पण तो तराजूवरचा आहे. मशीन तुम्ही उचलत नाही, फिरवता. इंजिन पुढे बॉनेटखाली, तुम्ही मागे ट्रेमध्ये (उभं राहायच्या खोलगट जागेत), पाणी मागे फेकणारा पंप तुमच्या पायाखाली. वळताना, उडी मारताना नाक इकडून तिकडं फेकायचं असतं आणि ते सगळं वजन नाकाकडेच आहे. त्यात तुम्हीच म्हणालात की फोर-स्ट्रोकचं हेड वर जड आहे, मग गुरुत्वमध्य पण वर गेला. ३१ किलो कुठे वाढले हा प्रश्न आहे, किती वाढले हा नाही. सामानानं भरलेली बॅग पाठीवर घेणं वेगळं आणि तीच हात लांब करून धरणं वेगळं.

कावासाकीबद्दल मी वाईट बोलणार नाही, पाणी खवळलेलं असेल तर ती रुळावरून गेल्यासारखी जाते. पण ती खेळायची मशीन नाही, ती पळायची मशीन आहे. हवासूलाच तर जेट स्की रेसच्या जागतिक फायनल होतात दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, सातारकर तू तीन तासांवर राहतोस, जाऊन बघ एकदा, एका दिवसात सगळं कळेल. बंद कोर्सवर कोण काय चालवतं आणि फ्रीस्टाइलला कोण काय.

दुबईकर_मालवणी

माका बोलल्याशिवाय रवाक जमणा नाय 😀 माझ्याकडे ती २५० किलोची आहे.

सातारकर भाऊ, जड आहे का? किनाऱ्यावर हो, बापरे. रुंद टायरची ढकलगाडी नसेल तर वाळूतून हलवायचा विचारच करू नकोस, आम्ही दोघं जण असतो तरी घाम निघतो. पण पाण्यात पडलास की तीच मशीन शहाण्या म्हशीसारखी उभी राहते, लगेच कलंडत नाही, तुला चढायला वेळ देते. मी ८८ किलोचा आहे, मित्राच्या जुन्या सुपरजेटवर उभा राहिलो तर मागचा भाग सरळ पाण्याखाली, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) दिल्याशिवाय वर येतच नाही. वजनदार माणसानं वजनदार मशीन घ्यावी.

थकायला होतं हे मात्र खरं. वीस मिनिटं जोरात चालवली की हात-मांड्या भरून येतात, कारण ही १६०ची ताकद हाताला ओढते. पहिल्या महिन्यात मला जेवताना चमचा धरवत नव्हता. आणि ब्रेक नाही, रिव्हर्स नाही, न्यूट्रल नाही हे लक्षात घे, इंजिनचा दांडा सरळ इम्पेलरला (पंपातल्या पात्यांच्या चाकाला) जोडलेला असतो, इंजिन चालू म्हणजे पाणी मागे फेकणं चालू. भाड्याच्या नव्या मशीनना ब्रेक-रिव्हर्स असतो त्याची सवय लागली असेल तर आधी विसर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घाबरलास की थ्रॉटल सोडू नकोस. याला रडर नाही, मागून निघणारी पाण्याची धार वळवूनच ती वळते. धार बंद तर वळणं बंद, हँडल कितीही फिरव, ती सरळ जाऊन समोरच्या धक्क्यावर आपटणार. २५० किलो थांबायला वेळ लागतो. जडपणाचा खरा धोका हा आहे आणि कुणी बोलत नाही.

वाळवंटातला_सातारकर

अरे वा, दोन दिवसांत एवढं! सगळ्यांचे आभार. शहाण्या म्हशीचं वाचून बायको पण हसली.

एक अपडेट. परवा हवासूला गेलो होतो, तिथं एका माणसाकडे नवी सुपरजेट होती, ओळख काढली, त्यानं वीस मिनिटं चालवायला दिली. किती वेळा पडलो मोजलं नाही पण नाकात गेलेलं पाणी दोन तांबे तरी असेल. त्यानं आधी सांगितलं की उभं राहायचा विचारच करू नको, पोटावर ट्रेमध्ये ये, थ्रॉटल दाब, मशीन पाण्यावर उचलली की गुडघ्यावर, मग एक पाय, मग दुसरा. मी अर्थातच घाई केली. त्यानं एल-मोड का काय ते लावून ताकद कमी करून दिली होती, तरी पहिल्यांदा मशीन माझ्या हातातून सुटून पुढं गेली आणि मी तिथंच पाण्यात उभा. इंजिन बंद करायच्या स्विचची दोरी मनगटाला होती म्हणून इंजिन बंद पडलं, नाहीतर पोहत गेलो असतो कॅलिफोर्नियाला, पलीकडचा काठ तिकडचाच आहे.

शेवटी शेवटी दोन मिनिटं उभा राहिलो. दोनच मिनिटं. पण काय सांगू राव, लई भारी. बसायच्या मशीनवर पाणी तुमच्याखाली असतं, इथं पायाला कळतं.

पण आता खरी अडचण, नवीची किंमत ऐकली आणि जुनीची ऐकली. जुनी जवळजवळ एक-तृतीयांशात मिळतेय. आता तुम्हीच सांगा शिकायला एवढे पैसे घालू का? आणि ती जुनी घ्यायची ठरलीच तर काय बघून घेऊ?

इंजिनवाली

किमतीवर मी गप्प. पण शिकताना तुम्ही रोज पन्नास वेळा पडणार आहात हे आता कळलंच असेल, त्यामुळे पडल्यावर वाईट वाटणार नाही अशी मशीन घेणं यात चूक काही नाही. फक्त ते पहिले दोन-तीन वीकेंड जुन्यावर जास्त त्रास होईल हे मान्य करून घ्या. अरुंद आहे, खाली बसते.

दर्यावर्दी_रत्नांग्री

जुनी घेणार असाल तर माझं ऐका, मशीन बोटीची काय आणि ही काय, नियम सारखेच.

मालकाला आधीच सांगा की मी यायच्या आधी चालू करू नका. गार इंजिन हात लावून बघा, गरम लागलं तर त्यानं आधी चालू करून बघितलेलं आहे, मग काहीतरी लपवतोय असं समजा. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मोजा, आकडा किती यापेक्षा दोन्ही सारखे आहेत का ते महत्त्वाचं, एकात दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी असेल तर रिंगा नाहीतर सिलिंडर गेलेला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमधलं ऑइलच क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातं, मालकानं एकदा जरी ऑइल घालायला विसरून चालवली असेल तर इंजिन सीझ (जाम) होऊन परत उघडलेलं असणार, विचारा सरळ.

मग मागून वाकून पंपात टॉर्च मारा. इम्पेलरच्या भोवती जी रिंग असते, वेअर रिंग, ती आणि पात्याची टोकं यांच्यात फट जेमतेम असली पाहिजे. वाळूत काठाजवळ चालवणाऱ्यांच्या मशीनमध्ये तिथं चरे पडतात, मग इंजिन ओरडतं आणि मशीन पुढे जात नाही, लोक इंजिनला शिव्या देतात, दोष रिंगेचा असतो. स्वस्तातलं काम आहे पण भाव करायला उपयोगी.

बॉनेट उघडून आत तळाला पाणी, तेलकट चिखल किती आहे बघा. आणि मागच्या बाजूला एक स्टिकर असतो बाण काढलेला, उलटी झाली तर कुठल्या बाजूनं सरळ करायची त्याचा. तो निघून गेला असेल तर मॅन्युअल बघून नवीन लावा. चुकीच्या बाजूनं फिरवली की एक्झॉस्टमधलं साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. आमच्याकडे एकानं असंच केलं होतं, वर परत स्टार्टर मारला, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. गेले पैसे.

नळाचं पाणी लावून धुवायचं तेव्हा आधी इंजिन चालू मग पाणी, आणि बंद करताना आधी पाणी बंद मग इंजिन. हे उलटं करणारे निम्मे लोक आहेत.

दुबईकर_मालवणी

ह्या शेवटच्या ओळीला माझ्याकडून दहा लाइक. खाऱ्या पाण्यात तर हे रोजचं.

टूस्ट्रोक_अण्णा

हवासूत शिंपले आहेत ना ते छोटे, क्वागा म्हणतात, २००७ पासून तिथं शिरलेत. तिथून मशीन दुसऱ्या तलावावर न्यायची असेल तर आतलं सगळं पाणी काढून, धुऊन, पूर्ण वाळवूनच ने, नाहीतर दंड बसेल तो बसेलच आणि तुझ्यामुळे अजून एक तलाव नासेल. उभ्याच्या मशीनमध्ये पडून पडून आत पाणी शिरतंच, पंपाच्या कोनाड्यात साचून राहतं. नाक वर करून उभी ठेव रात्रभर.

आणि ऑइल चांगलं घाल रे बाबा, पैसे तिथं वाचवू नकोस. टाकी जुनीची १८ लिटर, मिश्रणाचं प्रमाण मॅन्युअलमध्ये दिलंय तेच ठेव, जास्त घातलं म्हणजे जास्त सुरक्षित असं नसतं, प्लग काळे होतात आणि मग पाण्याच्या मध्यावर बसशील वाट बघत. जोरात चालवलीस तर तासभर पुरेल एवढंच पेट्रोल असतं, वारा कुठला आहे ते बघून लांब जायचं.

वाळवंटातला_सातारकर

ठरलं. शनिवारी सकाळी बघायला जातोय, मालकाला गार इंजिनचं सांगितलंय, तो जरा गप्प झाला फोनवर पण हो म्हणाला. कागदाचं पण विचारलं, नोंदणी ॲरिझोनाची त्याच्या नावावर आहे म्हणतोय, डोळ्यानं बघितल्याशिवाय पैसे देणार नाही. कॉम्प्रेशन गेज ऑर्डर केलाय. अण्णा जिंकले असं समजू नका, ताईंचा २१ आणि १४ टक्क्यांचा हिशोब मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलाय, दोन वर्षांनी नवी घेताना बायकोला दाखवायला.

इंजिनवाली

😂 तोपर्यंत हिशोब जपून ठेवा.

दर्यावर्दी_रत्नांग्री

गेज लावाल तेव्हा दोन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि मगच स्टार्टर मारा. थ्रॉटल बंद ठेवून मोजलंत तर हवा आत जात नाही, चांगल्या इंजिनचा पण आकडा कमी दिसतो. प्लगच्या वायरी मोकळ्या लोंबकळत ठेवू नका, बॉडीला टेकवा. फोटो टाका शनिवारी.